वरून लावायचं औषध

मंडळी, या शनिवारी खरं तर नांदेड-पुणे ट्रॅव्हल्सच्या प्रवासावर लिहायचं ठरवलं होतं (तो लेख अर्धा तयार आहे, येईल कधीतरी). पण बुधवारी ऑफिसात एक प्रकार झाला. शेजारच्या डेस्कवरचा मित्र मान अवघडली म्हणून मानेला कसलीशी पट्टी लावून बसला होता. दुपारी पँट्रीतून गरम पाण्याची पिशवी भरून आणली आणि त्या पट्टीवरच ठेवून कोड लिहायला लागला. मी म्हटलं, "अरे, कसली पट्टी आहे ही? डॉक्टरांनी दिलीय का?" तर म्हणाला, "वडिलांची उरली होती. टेन्शन नको घेऊ रे, पोटात थोडीच घ्यायचंय? वरून लावायचं औषध आहे!"

वरून लावायचं औषध. हे तीन शब्द ऐकले की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो. का ते सांगतो.

२०२४ चा मे महिना. लातूरला चुलत बहिणीचं लग्न होतं म्हणून आठ दिवस आधीच रजा टाकून गावाकडे गेलो होतो. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. म्हणजे जिल्हा लातूर, पण दवाखाना, बाजारहाट, शाळा-कॉलेज निम्मं नांदेडला आणि निम्मं लातूरला. (लातूरवाले आम्हाला नांदेडचे समजतात आणि नांदेडवाले लातूरचे. असो.) घरात लग्नघाई, बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे, लाईट येऊन-जाऊन. मी आजीच्या खोलीत डोकावलो तर ताईचा दोन वर्षांचा मुलगा लोखंडी कपाटासमोर उभा राहून दाराला चिकटलेलं काहीतरी नखाने सोलत होता. कपाटाच्या आरशावर काकूच्या टिकल्या लावलेल्या होत्या, आणि त्यांच्या खाली पोस्टकार्डाएवढी एक पांढरी मऊ पट्टी. तिचा कोपरा या साहेबांनी सोडवला होता आणि तेच बोट आता तोंडाकडे चाललं होतं.

काकूला विचारलं तर म्हणाली, "अरे, ती आजीची दुखण्याची पट्टी. दिवसा काढून तिथं लावून ठेवतात, रात्री परत लावतात. टिकलीसारखी! महाग आहे ना बाबा ती, एकदाच वापरून कशी फेकायची?"

मी भाच्याचे हात धुतले, पट्टी काढून वर फळीवर ठेवली आणि विसरून गेलो. म्हणजे बघा, तेव्हा मलाही काही कळत नव्हतं. सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस, दर गोष्टीला गूगल करणारा, पण पट्टीचं पाकीट उलटून बघावंसं वाटलं नाही. का? कारण वरून लावायचं औषध!

थोडं मागे जातो. त्याच वर्षी जानेवारीत आजीला नागीण झाली होती. डावीकडे पाठीपासून बरगडीखालून पोटापर्यंत फोडांचा पट्टा. आमच्याकडे नागीण म्हटलं की पहिली धाव डॉक्टरकडे नसते. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस दगावतो अशी समजूत, त्यामुळे ती "बांधणारा" माणूस गाठायचा. त्याने मंत्र म्हणून गेरू लावला. पाच दिवस गेरू. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, तो मज्जातंतूत दबा धरून बसतो आणि म्हातारपणी, ताकद कमी झाली की त्या एका नसेच्या वाटेने बाहेर येतो. एकच नस असल्यामुळे फोड सहसा शरीराच्या एकाच बाजूला राहतात, तोंड-शेपूट जुळायचा प्रश्नच सहसा येत नाही. त्याच्या गोळ्या मिळतात, पण त्या फोड आल्यापासून पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी. आमचे ते ७२ तास गेरूत गेले.

फोड सुकले, खपल्या पडल्या, पण दुखणं राहिलं. नागीण गेल्यावर नसेची आग मागे राहते, तिचा अनुभव ज्यांनी घरात घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आजीला पदर लागला तरी सहन होत नव्हतं. रात्र रात्र बसून काढायची. एप्रिलमध्ये काकांनी तिला नांदेडला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक गोळी दिली आणि लिडोकेनच्या पट्ट्या लिहून दिल्या. औषध अगदी योग्य होतं हे आधीच सांगून टाकतो. नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी अमेरिकेत ही पट्टी १९९९ पासून वापरात आहे. आजीला पहिल्याच रात्री चार तास झोप लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्यामुळे या लेखाचा अर्थ कुणी "असल्या पट्ट्या वाईट" असा काढू नये. ज्याचं दुखतं त्याने सोसत बसावं या मताचा मी अजिबात नाही.

डॉक्टरांनी काकांना सांगितलं होतं, "बारा तास." बाहेर वीस-पंचवीस पेशंट, आत दोन मिनिटं, त्यात जेवढं बसतं तेवढं सांगितलं. आता "बारा तास" या दोन शब्दांचे किती अर्थ निघतात बघा. डॉक्टरांच्या मनात होतं, चोवीस तासांपैकी बारा तास लावायची, मग बारा तास काढून ठेवायची, आणि एकदा काढली की फेकायची. काकांनी घेतलेला अर्थ, पट्टीचा असर बारा तास राहतो. आजीने घेतलेला अर्थ, बारा तासांनंतरही पट्टी चिकटत असेल तर तिच्यात औषध शिल्लक आहे. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट नीट न लिहिणं म्हणतात आणि त्यावर दोन-दोन तास मीटिंगा होतात. इथे मीटिंग नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी आतेभाऊ नांदेडहून येताना आजीसाठी पट्ट्यांचा नवा डबा घेऊन आला. प्रेमाने आणला होता बिचाऱ्याने. काटकसर संपली! लग्नघरातल्या धावपळीने दुखणं वाढलेलं, म्हणून आजीने एकाच वेळी चार पट्ट्या लावल्या. काकूने वरून गरम पाण्याची पिशवी दिली, कारण आपल्याकडे दुखलं की शेक हा नियम. आणि बरगडीजवळ खाजवून खाजवून जिथे कातडी सोलली होती तिथे कुणीतरी घरातल्याच एका जुन्या ट्यूबमधला मलम लावला. तो मलम आणला होता मूळव्याधीसाठी. त्यावर लिहिलं होतं लिग्नोकेन.

इथे एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाहीच ती. लिग्नोकेन आणि लिडोकेन हे एकच औषध. जुन्या ब्रिटिश पद्धतीचं नाव एक, दुसरीकडचं नाव दुसरं, आणि आपल्या दुकानांत दोन्ही चालतात. मूळव्याधीच्या मलमात ते, तोंड आल्यावरच्या जेलमध्ये ते, दातवाल्याच्या इंजेक्शनमध्ये ते, लघवीची नळी घालताना लावतात त्या जेलीत ते. एकाच मेमरीकडे बोट दाखवणारे दोन पॉइंटर असले की काय घोळ होतो हे प्रोग्रामर लोकांना ठाऊक आहे. आजीच्या अंगावर दोन वेगळी औषधं नव्हती. एकच औषध दोन वाटांनी जात होतं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास आजी म्हणाली, "जीभ जड पडलीय रं. तोंडाभवती मुंग्या आल्यावानी वाटूलालंय." काकू म्हणाली, उन्हाने असेल, ताक घ्या. थोड्या वेळाने म्हणाली कानात शिट्टी वाजतेय. मग बोलताना शब्द अडखळायला लागले. बाबांना वाटलं अर्धांगवायू. गाडीत घालून अहमदपूरला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने पदर बाजूला करून कूस बघितली, चार पट्ट्या मोजल्या, हात लावला तर कातडी पिशवीने लालबुंद झालेली. त्याने पहिलं काम केलं ते पट्ट्या काढून पाण्याने अंग पुसून घ्यायचं. मग ईसीजी, सलाईन, रात्रभर लक्ष. सकाळपर्यंत आजी ठीक होती आणि हळदीला का नेत नाही म्हणून आमच्यावर डाफरत होती. डॉक्टर म्हणाले, शंभर टक्के यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण तोंडाभोवती मुंग्या, जीभ जड, कानात आवाज ही या औषधाची रक्तात पातळी वाढल्याची ठरलेली लक्षणं आहेत. पुढची पायरी झटके येण्याची, त्याच्या पुढची हृदयाची. आणि कुशीवर भाजल्याचे दोन फोड आले होते. आजीला पिशवीचा चटकाच कळला नव्हता. कसा कळणार, कातडी बधीर केलेली!

त्यानंतर मी वाचायला बसलो. लिडोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बनवलं. त्याचा सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते स्वतःवरच टोचून बघितलं. १९४८ पासून ते झायलोकेन या नावाने बाजारात आलं. नसेतून संदेश पुढे जाण्यासाठी सोडियमची जी बारीक दारं उघडावी लागतात, ती हे औषध बंद करून ठेवतं. संदेश नाही, म्हणून दुखणं नाही. आता अडचण अशी की तसलीच दारं हृदयातही आहेत आणि मेंदूतही. म्हणूनच हेच लिडोकेन शिरेतून देऊन डॉक्टर हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणतात. म्हणजे मूळव्याधीच्या ट्यूबमध्ये जे आहे ते आयसीयूतलंही औषध आहे. वरून लावलं म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही, फक्त ते आत किती पोचतं एवढाच फरक.

आणि नीट लावलं तर फार थोडं पोचतं. पाच टक्क्यांच्या एका पट्टीत ७०० मिलिग्रॅम औषध असतं. अख्ख्या कातडीवर बारा तास लावली तर त्यातलं साधारण तीन टक्के शरीरात जातं, म्हणजे वीसेक मिलिग्रॅम. एका वेळी जास्तीत जास्त तीन पट्ट्या बारा तास लावल्या तरी रक्तातली पातळी हृदयाच्या उपचाराला लागते त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहते. भरपूर मार्जिन ठेवलेलं आहे. आम्ही ते मार्जिन एकेक करून खाल्लं. तीनच्या चार पट्ट्या, बारा तासांऐवजी दिवसरात्र, सोललेली कातडी, वरून शेक (उष्णतेने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध भराभर आत ओढलं जातं), आणि दुसऱ्या नावाने तेच औषध. त्यात आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वजन बेचाळीस किलो. लिडोकेन शरीराबाहेर काढायचं मुख्य काम लिव्हर करतं, आणि या वयात लिव्हरही दमलेलं असतं.

आता तोच हिशेब उलटा करा. वीस मिलिग्रॅम गेलं, तर वापरलेल्या पट्टीत उरलं किती? ६८० च्या आसपास! कपाटाच्या दारावर टिकलीसारखी चिकटवलेली ती पट्टी "संपलेली" नव्हतीच, जवळजवळ भरलेली होती. आणि तिच्याशी बारा किलोचा भाचा खेळत होता. हे गणित मांडलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ही तरी लिडोकेनची होती. कॅन्सरच्या पेशंटला फेंटानिलची पट्टी देतात, ती दिसायला साधी, पण अफूच्या जातीतलं फार तीव्र औषध. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये पालकांना पुन्हा बजावलं होतं, कारण अशा पट्ट्या लहान मुलांच्या अंगाला किंवा तोंडाला लागून पंधरा वर्षांत २६ घटना झाल्या होत्या, त्यातली १० मुलं गेली. आणि आपल्या घरात सगळ्यांना नाव एकच, "दुखण्याची पट्टी". डायक्लोफिनॅकची तीच, लिडोकेनची तीच, फेंटानिलचीही तीच. माझ्या ऑफिसातल्या मित्राला विचारलं की बाबा तुझ्या मानेवर यातली कुठली आहे, तर त्याला सांगता आलं नाही.

कातडी म्हणजे भिंत ही समजूत कुठून आली कोण जाणे. निदान आमच्या मराठवाड्यात तरी ती असायला नको होती. आमच्या घरात बिब्बा होता. टाचेच्या भेगांना, गुडघ्याला, मुका मार लागला तर बिब्बा तापवून त्याचा डाग द्यायचे. आणि बिब्बा उतला की काय होतं हे आजीने स्वतः भोगलंय, हातावर व्रण आहे अजून. त्याच्याही आधीचं २०१७ साल आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ते कुणी औषध प्यायले नव्हते. श्वासातून गेलं आणि घामाने भिजलेल्या कपड्यांतून, कातडीतून गेलं. "वरून लागलं, धुऊन टाकलं की झालं," असंच तर म्हणत होते सगळे.

असो. लग्नाकडे वळतो, कारण दुसरा धक्का तिथेच बसायचा होता. नवरी, म्हणजे माझी चुलत बहीण, लातूरला लेझरने केस काढायला जात होती. आजीचा प्रकार ऐकून ती सहज म्हणाली, "अय्या दादा, मला पण असलंच क्रीम दिलं होतं. घरूनच दोन्ही पायांना जाड थर लावायचा, वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि तासाभराने या म्हणाले. मी तशीच स्कूटीवर गेले." कुठल्या ठिकाणी ते लिहीत नाही. ट्यूबही नव्हती, एका बिनलेबलच्या डबीत काढून दिलं होतं.

मंडळी, हाच प्रसंग अमेरिकेत दोनदा घडून गेलाय, आणि त्याचा शेवट तिथे वाईट झाला. दोन तरुण मुली, एक २२ वर्षांची, एक २५ ची. लेझरच्या आधी सांगितल्याप्रमाणे पायांना बधिर करणारं क्रीम लावलं, सांगितल्याप्रमाणे प्लॅस्टिक गुंडाळलं. दोघींना झटके आले, दोघी कोमात गेल्या आणि दोघी वारल्या. तिथल्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २००७ मध्ये त्यावर जाहीर इशारा काढला. ती क्रीमं दुकानात बनवून दिलेली होती, नेहमीच्यापेक्षा कितीतरी तीव्र. एकात दहा टक्के लिडोकेन आणि वर दहा टक्के टेट्राकेन. पण मला जास्त खुपलं ते "सांगितल्याप्रमाणे". त्या मुलींनी स्वतःच्या मनाने काही केलं नव्हतं. दोन्ही पाय म्हणजे केवढं क्षेत्रफळ! सुई टोचायच्या जागेवर चार आण्याएवढं क्रीम लावणं वेगळं आणि मांडीपासून घोट्यापर्यंत लिंपून झाकणं वेगळं. प्लॅस्टिक गुंडाळलं की ऊब राहते, ओल राहते, आणि औषध दसपट उत्साहाने आत जातं. (दसपट हा माझा शब्द, प्रयोगशाळेचा नव्हे.)

तशी लिडोकेन-प्रिलोकेनची क्रीमं फार कामाची आहेत हेही सांगायला हवं. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाच्या हातात जाड सुई खुपसतात, त्याआधी तासभर हे क्रीम लावून झाकून ठेवलं तर त्याचं जिणं सुसह्य होतं. तिथे झाकायला डॉक्टरच सांगतात, जागाही छोटी असते. पण यातल्या प्रिलोकेनची एक वेगळी खोड आहे. ते रक्तातलं हिमोग्लोबिन असं बदलवू शकतं की ते प्राणवायू पोचवेनासं होतं. ओठ-नखं निळसर पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. तान्ह्या बाळांत हे लवकर होतं. म्हणून तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला जास्तीत जास्त एक ग्रॅम, तेही एकाच तासासाठी आणि दहा चौरस सेंटिमीटर जागेपुरतं, इतका काटेकोर हिशेब दिलेला आहे. आणि आपल्याकडे हल्ली बाळाचे कान टोचायला नेताना घरूनच क्रीम चोपडून नेतात, "रडायला नको" म्हणून. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ना, तसं हे क्रीम किती लावायचं तेही त्यातल्या जाणकारानेच ठरवावं. दात येताना हिरड्यांना बधिर करणारी जेल चोळणं तर नकोच. लिडोकेनच्या असल्या द्रावणाबद्दल अमेरिकेत २०१४ मध्ये औषधावरच सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

आता माझं मत. (इथपर्यंत आलात म्हणजे तेही ऐकून घ्या.)

हा प्रकार मी पुण्यात कुणाला सांगितला की पहिली प्रतिक्रिया "खेड्यातली माणसं, दुसरं काय!" अशी असते. मला ती मान्य नाही. लेझरवाली बहीण एम.कॉम. आहे, ऑफिसातला मित्र बी.ई. आणि मी स्वतः पट्टी हातात घेऊन फळीवर ठेवून दिली होती. नंतर मी त्या डब्यातला कागद काढून वाचला. बारा तास, अख्खी कातडी, शेक नको, मुलांपासून दूर, वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडून टाका, सगळं होतं त्यात. इंग्रजीत. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, आठ घड्या घातलेल्या कागदावर. आमच्या घरातला सगळ्यात शिकलेला माणूस मी, मला ते मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचावं लागलं. आजी मराठी छान वाचते. पोथी वाचते, पेपर वाचते, पेपरातल्या जाहिरातीसुद्धा सोडत नाही. तिला वाचता येत नव्हतं हे खोटं आहे. तिला वाचता येईल असं कुणी लिहिलंच नव्हतं.

महाराष्ट्रात २०२२ साली कायदा दुरुस्त करून सगळ्या दुकानांच्या पाट्या मराठीत, ठळक अक्षरात लावायला लावल्या. चांगलंच केलं. तेव्हा आमच्या अहमदपूरच्या दुकानावरही "औषधी भांडार" असं दोन फुटी अक्षरांत झळकतंय. आत मिळणाऱ्या औषधावर मात्र ते कसं लावायचं याची एक ओळ मराठीत नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून सरकारने ३०० मोठ्या ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा केला, तेव्हा मला वाटलं आता तरी काही होईल. पण त्यात काय मागितलंय? औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, तारखा, परवाना क्रमांक. नकली माल पकडायला उपयोगी, मान्य. पण अरे, एवढा चौकोन छापताच आहात तर त्यात मराठीत एक मिनिटाची ध्वनिफीत टाकायला किती खर्च येतो? मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो, हे एका टीमचं एका महिन्याचंही काम नाही. अवघड आहे ते कुणालातरी हे आपलं काम वाटणं.

माझा एक शाळेतला मित्र नांदेडला मेडिकल चालवतो. त्याच्याशी यावर वाद झाला. तो म्हणाला, "तू लिही हवं तेवढं मराठीत, लोक वाचत नाहीत. आणि मी चिठ्ठी मागायला लागलो तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं." दुसरा मुद्दा खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे झकास उत्तर नाही. चिठ्ठी नव्याने आणायची म्हणजे खेड्यातल्या माणसाचा एक दिवसाचा रोज बुडतो, वर एसटीचं तिकीट. पण पहिल्या मुद्द्यावर मी त्याला म्हटलं, निदान एक कर. पट्टी देताना पेनाने पाकिटावर लिही: "रात्री ८ ला लावा, सकाळी ८ ला काढून फेका. शेकू नका. एका वेळी ____ पेक्षा जास्त नको." रिकाम्या जागी डॉक्टरांनी सांगितलेला आकडा. त्याने रबरी शिक्का करून घेतलाय म्हणे. करून घेतलाय एवढं कळलं, मारतो की नाही ते पुढच्या खेपेला बघतो.

आणि घरातल्यांनी डॉक्टरांना न विचारताही चार गोष्टी सांगाव्यात. हृदयाच्या ठोक्यांची गोळी चालू आहे का, लिव्हरचं काही आहे का, पूर्वी दातवाल्याच्या इंजेक्शनने त्रास झाला होता का, आणि घरात आणखी कुठले मलम चालू आहेत. मलमांची तर ट्यूबच घेऊन जावी. पट्टी लावून किंवा क्रीम चोपडून कुणाला तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, गरगरणं, बरळणं असं काही झालं, किंवा ओठ निळे दिसले, तर ताक पाजत बसू नका. औषध पुसून काढा आणि १०८ ला फोन करा, आणि कुठलं औषध लावलं होतं ते रिकामं पाकीट बरोबर न्या. औषधाने त्रास झाल्याची नोंद आपल्यासारखी साधी माणसंही करू शकतात, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. आम्ही केली. पाच-दहा मिनिटं लागली.

नागिणीची लसही २०२३ पासून आपल्याकडे पन्नाशीपुढच्या लोकांसाठी मिळते. महाग आहे, दोन डोस आहेत. आई-बाबांना द्यायची का ते डॉक्टरांना विचारलंय. बाबा म्हणतात, "बघू." आमच्याकडे "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

आजीची पट्टी अजून चालू आहे. तिला हे सगळं समजावायला मी मोठी तयारी करून बसलो होतो, नस काय, सोडियम काय. तिने मधेच थांबवलं. म्हणाली, "बिब्ब्यावानीच हाय की मग हे. थोडा लावला तर गुण, लई लावला तर उततो." मी म्हटलं हो, तसंच. मग घड्याळाचा प्रश्न आला, कारण तिच्या खोलीतलं घड्याळ दोन वर्षांपासून बंद आहे आणि तिला ते चालू करून नको आहे. तोडगा तिनेच काढला. रात्री जेवण झालं की काकू पट्टीवर पेनाने तारीख लिहून लावते. सकाळी आमच्या फाट्यावरून आठच्या सुमारास अहमदपूरची एसटी जाते, तिचा हॉर्न ऐकला की आजी पट्टी काढते, चिकट बाजू आत घालून दुमडते आणि झाकणाच्या डब्यात टाकते. डबा फळीवर.

गेल्या रविवारी फोनवर विचारलं, पट्टी वेळेवर काढतेस ना? तर म्हणाली, "काल यष्टी आलीच न्हाई, पंक्चर झाली म्हनं. दहा वाजंस्तोर वाट बघितली अन् मग काकूनं काढली." आता यावर काय बोलणार! काकूच्या मोबाईलमध्ये आठचा अलार्म लावून दिलाय.